ब्रँडचं नाव म्हणजे थीम का? बडोद्याजवळ पार्क काढणाऱ्यांसाठी तीन प्रस्तावांची तुलना

गणपतीच्या दिवसांत दांडिया बाजार, रावपुऱ्याकडे चक्कर मारली की रस्त्यावरची कमान एखाद्या बिल्डरची नाहीतर सोन्याच्या पेढीची दिसते आणि आतला देखावा मंडळाचा असतो. घरी परतल्यावर आजीने "यंदा काय केलंय?" असं विचारलं, तर कुणी कमानीवरचं नाव सांगत नाही. आत समुद्रमंथन होतं की गडकिल्ला होता, तेच सांगतात. कमान कुठे संपते आणि देखावा कुठे सुरू होतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं.

पार्कच्या आराखड्यावर बसलं की मात्र हाच फरक हातातून निसटतो. आजवा रस्त्याला किंवा वाघोडियाच्या बाजूला आठ-दहा एकर जमीन आहे, तिथे कुटुंबांसाठी छोटं पार्क काढायचंय, त्यातला एक एकर मुलांसाठी राखून ठेवलाय, असा विचार करणाऱ्यापुढे बहुतेक वेळा तीन प्रस्ताव येतात. एखादी कंपनी म्हणते, मुलांच्या झोनला आमचं नाव द्या, वर्षाला ठरलेली रक्कम देऊ. एजंट म्हणतो, अमुक कार्टूनचं किंवा खेळण्यांच्या ब्रँडचं लायसन्स मिळवून देतो. डिझायनर म्हणतो, स्वतःची थीम करू. पहिल्या दोन्ही बैठकांत एक वाक्य हमखास कानावर पडतं: "थीमचा खर्चच नाही, ब्रँड हीच थीम."

हे वाक्य काही ब्रँडच्या बाबतीत खरं आहे आणि बहुतेकांच्या बाबतीत खोटं. कुणाच्या बाबतीत खरं, हे सही करण्याआधी आणि अगदी स्वस्तात तपासता येतं.

नाव झाकून पाहा

आराखड्याची मोठी प्रिंट काढा, दर्शनी चित्रंही घ्या. जिथे जिथे नाव, लोगो किंवा ओळखीचा चेहरा आहे तिथे कागदी टेप चिकटवा. मग प्रकल्पाशी संबंध नसलेल्या चार-पाच जणांना, त्यात दोन मुलं हवीतच, तीन प्रश्न विचारा. ही जागा कुठली आहे? इथे आलेला मी कोण आहे? मी इथे काय करायचं? निदान दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली तर थीम आहे. एकच मिळालं तर सजावट आहे. एकही मिळालं नाही तर तुमच्या हातात फक्त कमान आहे.

लेगो या विटा जोडायच्या खेळण्याच्या पार्कला, लेगोलँडला, ही टेप लावून बघा. डेन्मार्कमधल्या बिलुंडला १९६८ मध्ये पहिलं लेगोलँड उघडलं. लोगो झाकला तरी मिनीलँड या विभागातली १:२० प्रमाणातली शहरं त्याच जोडायच्या विटांची दिसतात, बाकांपासून पुतळ्यांपर्यंत सगळं एकाच घटकातून उभं राहिलेलं दिसतं आणि मुलाला लगेच कळतं की इथे जोडायचं आहे. या ब्रँडने पार्कला रचनेचं व्याकरण दिलंय आणि हाताला काम दिलंय. अबू धाबीचं फेरारी वर्ल्ड २०१० मध्ये सुरू झालं. तिथला फॉर्म्युला रोसा ताशी २४० किलोमीटर वेगाने सुटतो, सुरू झाला तेव्हा जगातला सर्वांत वेगवान रोलर कोस्टर होता, आणि बसणाऱ्यांना डोळ्यांवर गॉगल चढवावे लागतात. नाव झाकलं तरी गॉगल राहतात, शर्यतीच्या गाडीसारखे डबे राहतात आणि आपण चालक आहोत ही भावना राहते. हाही ब्रँड थीम म्हणून चालतो, कारण त्याच्यामागे शर्यतीचं आख्खं जग आहे.

अमेरिकेतलं हर्शीपार्क मधल्या पायरीवर आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मिल्टन हर्शी यांनी चॉकलेट कारखान्याच्या कामगारांसाठी ते काढलं. थीम पार्क त्याचं पुढे १९७० च्या दशकात झालं. तिथे राइडसाठी मुलाची उंची मोजतात तेव्हा उंचीच्या गटांना चॉकलेट-गोळ्यांची नावं असतात. पोर मागच्या वर्षापेक्षा वाढलं की एका गोळीतून दुसऱ्या गोळीत जातं. सुरक्षेसाठी करावीच लागणारी मोजणी त्यांनी आनंदाची केली. तरीही कोस्टरवर बसल्यावर चॉकलेटशी संबंध रंगापुरताच उरतो.

आता एखादं थंड पेय, सिमेंट, मोबाइल कंपनी किंवा बँक घ्या. टेप लावल्यावर उरतो एक रंग आणि एक अक्षरवळण. रंगात बसता येत नाही, अक्षरवळणात हरवता येत नाही. इथे बाजारातल्या ओळखीचा आणि थीमचा काही संबंध नाही. देशातल्या प्रत्येक माणसाला ठाऊक असलेलं नाव या परीक्षेत नापास होतं आणि कुणी न ऐकलेली लाकडी खेळण्यांची छोटी कार्यशाळा पास होते.

पार्कचं स्वतःचं नाव ही आणखी निराळी गोष्ट. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ मध्ये उद्योगसमूहाच्या नावाने उघडलं. कोचीचं वीगालँड २००० मध्ये व्ही-गार्ड कंपनीच्या संस्थापकांनी काढलं, नावही त्याच ब्रँडवरून आलं आणि पुढे ते वंडरला झालं. दिल्लीचं अप्पू घर १९८४ मधलं, नाव १९८२ च्या आशियाई स्पर्धांच्या हत्तीवरून. या नावांनी दाराशी गर्दी आणली, पण आत काय बांधायचं ते त्यांनी सांगितलं नाही. टेक्सासमधलं सिक्स फ्लॅग्ज उलट्या वाटेने गेलं. १९६१ मध्ये उघडलं तेव्हा त्या भूमीवर फडकलेल्या सहा सत्तांचे झेंडे हीच पार्कची थीम होती आणि विभागही त्यावरूनच पाडले होते. आज तेच नाव डझनावारी पार्कांवर आहे आणि सहा झेंडे कुठले, हे विचारायचंही कुणाच्या मनात येत नाही. थीमचा ब्रँड होतो. ब्रँडची थीम होण्याचं उदाहरण शोधून काढावं लागतं.

पहिला प्रस्ताव: प्रायोजकाचं नाव

प्रायोजक हा प्रकार थीम पार्कच्या जन्मापासून आहे, त्यामुळे त्याला नाक मुरडण्याचं कारण नाही. डिस्नेलँड १७ जुलै १९५५ ला उघडलं तेव्हाच आत कंपन्या होत्या. फरक त्यांना कुठे बसवलं यात होता. मेन स्ट्रीटवर अपजॉन या औषध कंपनीने जुन्या काळातलं औषधाचं दुकान मांडलं. काचेच्या बरण्या, एका बरणीत जिवंत जळवा, आणि येणाऱ्याला जीवनसत्त्वाच्या गोळ्यांची इवलीशी बाटली फुकट. टेप लावा: जुन्या गावातलं औषधाचं दुकान आहे, मी गिऱ्हाईक आहे, मला डोकावून बघायचंय. तिन्ही उत्तरं मिळतात. त्याच वर्षी टुमारोलँडमध्ये कैसर कंपनीचं अ‍ॅल्युमिनियमचं दालन होतं. उद्याच्या जगात माणूस अ‍ॅल्युमिनियमचं कौतुक ऐकायला का जाईल, याचं उत्तर त्या दालनाकडे नव्हतं. पाचेक वर्षांत ते गेलं.

पुढे डिस्नेच्याच फ्लोरिडातल्या एपकॉट पार्कमध्ये, १९८२ पासून, अख्खे पॅव्हिलियन, म्हणजे मोठी दालनं, कंपन्यांच्या भरवशावर चालले. जनरल इलेक्ट्रिकने होरायझन्स हा पॅव्हिलियन सोडला १९९३ मध्ये आणि १९९९ मध्ये तो पॅव्हिलियन कायमचा बंद झाला. मेटलाइफ ही विमा कंपनी २००१ मध्ये बाहेर पडली, तिचा आरोग्याचा पॅव्हिलियन काही वर्षं फक्त हंगामात उघडत राहिला आणि मग तोही थांबला. प्रायोजक गेला की देखभालीचा पैसा जातो, आणि नाव भिंतीत कोरलेलं असेल तर ते पुसण्याचा खर्च मालकाच्या माथी येतो. जनरल मोटर्सचा टेस्ट ट्रॅक, तिथलीच एक राइड, मात्र टिकला. कारण तिथे पाहुणा गाडी कशी तपासतात ते अंगावर घ्यायचा, आणि २०१२ च्या आवृत्तीत तर आधी स्वतः गाडी रेखाटू लागला. त्या ब्रँडने काम दिलं होतं.

बडोद्याच्या मापाने हिशेब मांडू. आकडे उदाहरणादाखल आहेत, तुमचे त्या जागी घाला. प्रायोजक वर्षाला १५ लाख देतो, करार तीन वर्षांचा, म्हणजे ४५ लाख. करार संपल्यावर नाव, रंग, फलक काढून झोन पुन्हा उभा करायला २० लाख. हाती उरले २५ लाख, वर्षाला साधारण ८.३ लाख. वर्षाला ६० हजार पाहुणे धरले तर माणशी चौदा रुपये. मुलांच्या झोनचं नाव तुम्ही माणशी चौदा रुपयांना विकताय. कधीकधी तेही परवडतं, पण तो आकडा समोर ठेवूनच ठरवा.

व्यवहारात जे बिघडतं ते बहुधा बांधकामात बिघडतं. प्रायोजकाचं काम त्यांची इव्हेंट एजन्सी करते आणि एजन्सीचा हात प्रदर्शनाच्या स्टॉलवर बसलेला असतो. प्लाय, एमडीएफ (लाकडी तंतू दाबून केलेला बोर्ड), फोम, फ्लेक्स, मागून एलईडी पट्ट्या. तीन दिवसांच्या मेळ्यासाठी ते ठीक. उघड्यावर तीन वर्षांसाठी लावलं की पहिल्या पावसाळ्यात एमडीएफ फुगतं, मे महिन्यात पारा ४२-४३ ला गेला की फ्लेक्स ताणून फाटतो आणि एलईडीच्या जोडांत पाणी शिरतं. आगीचा धोका तर आहेच. २५ मे २०२४ ला राजकोटच्या गेम झोनमध्ये २७ जणांचा जीव गेला. त्यानंतर राज्यात अशा जागांची तपासणी कडक झाली आणि ती व्हायलाच हवी होती. मुलं जिथे कोंडाळं करून उभी राहतात तिथे थर्मोकोल किंवा उघडा फोम लावू देऊ नका, मग प्रायोजक कितीही मोठा असो. करारात लिहा की वापरायचं सामान तुमच्या यादीतलंच असेल: एमएस (साध्या पोलादाची) फ्रेम गॅल्व्हनाइज केलेली, पत्रा पावडर कोटिंगचा, एफआरपी (काचतंतू घातलेलं फायबर) वापरलं तर आग रोखणाऱ्या रेझिनचं आणि त्याचं चाचणी-प्रमाणपत्र सोबत.

रस्त्याकडे तोंड केलेला नावाचा फलक जाहिरात ठरू शकतो. जागा महापालिकेच्या हद्दीत असेल तर त्याचा परवाना आणि शुल्क कोण भरणार, हेही त्याच कागदावर येऊ द्या.

दुसरा प्रस्ताव: लायसन्स

लायसन्सच्या बाबतीत दोन अमेरिकन पार्कांची गोष्ट शेजारी ठेवली की बाकी पुष्कळसं आपोआप समजतं.

मिनेसोटातल्या मॉल ऑफ अमेरिकाच्या पोटात १९९२ मध्ये कॅम्प स्नूपी उघडलं. नाव प्रसिद्ध कार्टून कुत्र्याचं, पण बांधलं होतं उत्तरेकडचं अरण्य: खरी झाडं, पाणी, लाकडी वळणं, शिबिराची हवा. २००६ मध्ये लायसन्स संपलं. कुत्रा गेला, अरण्य राहिलं. सुमारे दोन वर्षं ते जवळजवळ निनावी पार्क म्हणून चालत राहिलं आणि २००८ मध्ये निकेलोडियन या मुलांच्या टीव्ही वाहिनीचं नवं नाव घेऊन उभं राहिलं. झाडं तीच.

दक्षिण कॅरोलिनातलं हार्ड रॉक पार्क २००८ च्या वसंतात उघडलं. खर्च सुमारे ४० कोटी डॉलर. नाव रेस्टॉरंटच्या साखळीचं, मुख्य कोस्टर एका गाजलेल्या बँडच्या नावाचा. त्याच सप्टेंबरात ते दिवाळखोरीत गेलं. नव्या मालकांनी २००९ मध्ये ते फ्रीस्टाइल म्युझिक पार्क म्हणून उघडलं. हार्ड रॉक नाव गेलं, बँडचं नाव गेलं, कोस्टर टाइम मशीन झाला. एक हंगाम चालून तेही बंद. पार्क बुडायला पैशाची, जागेची आणि मंदीची कारणं होतीच. पण नाव उतरल्यावर खाली धरून ठेवणारं काही उरलं नव्हतं, हे नंतरच्या वर्षात दिसलं.

म्हणून लायसन्स घ्यायचंच असेल तर आधी अरण्य बांधा आणि मग कुत्रा आणा.

पैशाची बाजू. लायसन्समध्ये साधारणपणे दोन आकडे असतात: मिनिमम गॅरंटी (विक्री कितीही झाली तरी द्यायची किमान रक्कम) आणि रॉयल्टीची, म्हणजे विक्रीतल्या वाट्याची, टक्केवारी. दोन्हींपैकी जो आकडा मोठा, तो तुम्ही देता. तिकीट ५०० रुपये, त्यात १८ टक्के जीएसटी, म्हणजे तुमच्या हाती साधारण ४२४. पुन्हा ६० हजार पाहुणे धरा: निव्वळ विक्री सुमारे २.५४ कोटी. रॉयल्टी ६ टक्के असेल तर १५ लाखांच्या आसपास. पण मिनिमम गॅरंटी २५ लाख लिहिली असेल तर तुम्ही २५ लाखच भरता, माणशी जवळपास ४२ रुपये. रॉयल्टीचा आकडा गॅरंटीला गाठायला वर्षाला ९८ हजारांवर पाहुणे लागतात. एजंट टक्केवारी मोठ्याने सांगतो, गॅरंटी शेवटच्या पानावर असते. शिवाय मालक परदेशी असेल तर रॉयल्टी पाठवताना इथे कर कापावा लागतो. करारात "सर्व कर वजा जाता निव्वळ रक्कम" असे शब्द असतील तर तो करही तुमच्याच खिशातून जातो. हे वाक्य सीएला दाखवल्याशिवाय सही करू नका.

बडोद्याच्या भूगोलाचाही प्रश्न आहे. आपण अहमदाबाद आणि सुरत यांच्या मध्ये बसलोय. तेच पात्र उद्या अहमदाबादच्या मॉलमधल्या प्ले झोनमध्ये आलं, तर भरूच-आणंदचं कुटुंब तुमच्याकडे कशाला येईल? म्हणून एकाधिकार किती किलोमीटरचा, किती वर्षांचा, मॉल आणि शाळेतले कार्यक्रम त्यात धरलेत का, हे आकड्यांत मागा. "गुजरात विभाग" असा मोघम शब्द घेऊ नका.

मंजुरीचा वेळ हा बहुतेकांच्या हिशेबातून सुटणारा खर्च आहे. पात्राचा प्रत्येक पुतळा, प्रत्येक रंग, कपावरचं प्रत्येक चित्र मालकाकडे पाठवावं लागतं. मातीचा नमुना, मग एफआरपीचा, मग रंगवलेला, अशा निदान तीन फेऱ्या. एका फेरीला दहा कामाचे दिवस धरले तर दीड महिना नुसता वाट पाहण्यात जातो, आणि फॅब्रिकेटर तोवर दुसरं काम घेतो. अक्षरांचा मुद्दा तर इथे हमखास अडतो. लोगो रोमन लिपीतच वापरा असा नियम असेल तर गुजराती फलकावर नाव लिहायला वेगळी परवानगी लागते, आणि ती नाही मिळाली तर गावाकडून आलेल्या आजोबांना झोनचं नावच वाचता येत नाही. गुजराती आणि देवनागरी दोन्ही लिप्यांतली नावं करारासोबतच मंजूर करून घ्या.

रंगाचंही तसंच. मालकाच्या स्टाइल गाइडमधला, म्हणजे नियमपुस्तिकेतला, लाल ठरावीक लाल असतो. उघड्यावरचा लाल गेलकोट (फायबरवरचा रंगीत थर) इथल्या उन्हात सगळ्यात आधी विटतो, म्हणून वरून अतिनील किरण रोखणारा पॉलियुरेथेनचा (पीयू) थर द्या आणि पुन्हा रंगवण्याचं वेळापत्रक करारात आधीच घाला. नाहीतर फिकट झालेल्या पात्राबद्दल नोटीस येते. लोखंडी कठडे आणि घसरगुंड्या गडद रंगात मागितल्या तर ठाम नकार द्या. मे महिन्यात दुपारी त्यावर मुलाचा हात भाजतो.

एक पळवाट पुष्कळ जण सुचवतात: चित्रकाराकडून तसंच काहीतरी काढून घ्यायचं. जत्रेतल्या पाळण्यावर असे उंदीर-मांजर रंगवलेले असतात म्हणून पार्कमध्येही चालेल, असं वाटतं. पाळणा उद्या दुसऱ्या गावी जातो, तुमचं पार्क पत्त्यावर बसलेलं असतं. मिकी माउसचं १९२८ मधलं सुरुवातीचं चित्र अमेरिकेत १ जानेवारी २०२४ पासून स्वामित्वहक्काबाहेर आलं, त्याचाही दाखला देतात. पण तो अमेरिकेतला आणि त्या एका जुन्या रूपापुरता प्रश्न. ट्रेडमार्क तसाच उभा आहे. पंचतंत्राच्या कथा सगळ्यांच्या आहेत, पण त्यांची एखाद्या चित्रकाराने काढलेली चित्रं सगळ्यांची नाहीत, हेही इथेच लक्षात घ्या.

तिसरा प्रस्ताव: स्वतःची थीम

टेपची परीक्षा इथेही तेवढीच कडक लावा, कारण स्वतःचं आहे म्हणून ते थीम होतंच असं नाही. फायबरचा राजवाडा, झरोके, दाराशी फेटेवाला पुतळा हा देखावा देशभरातल्या रिसॉर्टांत आहे. टेप न लावताही उत्तर एकच मिळतं: कुठे? कुठल्यातरी राजाकडे. कोण आणि काय, यांना उत्तर नाही. कॅटलॉगमधून मागवलेले डायनासोरही तसेच. त्याऐवजी डायनासोरच्या जीवाश्मांचं बालासिनोरजवळचं रय्योली घ्या, बडोद्याहून दीड-दोन तासांवरचं. त्या परिसरातल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये राजासॉरस या डायनासोरचं वर्णन प्रसिद्ध झालं. खोपोलीच्या इमॅजिका पार्कने त्याच्या नावाची राइड केली. जीवाश्म मात्र आपल्या शेजारचे आहेत. मुलाच्या हाती कुंचला देऊन वाळूतलं अंडं उघडं करायला लावलं की जागा, भूमिका आणि काम तिन्ही आलं, आणि रॉयल्टी शून्य.

एक एकरासाठी याहून चांगली आणि नीट बसणारी थीम बडोद्याच्या आसपासच आहे. डभोई ते मियागाम ही गायकवाडांची नॅरोगेज रेल्वे १८६२ मधली. रुळांमधलं अंतर अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर, आणि रूळ इतके हलके की सुरुवातीला गाडी बैल ओढत. इंजिनं नियमित धावू लागली १८७३ मध्ये, जड रूळ टाकल्यावर. पुढे डभोई हे नॅरोगेजचं मोठं जंक्शन झालं. बैलाने ओढलेली आगगाडी! जगातल्या कुठल्याही मुलाला हे सांगा, ते हसून विचारेल, "खरंच?" आणि उत्तर "खरंच" असं आहे.

मापं घालून बघू. ३८१ मिलिमीटर गेजची लहान गाडी, वळणाची त्रिज्या १८ मीटर, दोन सरळ बाजू प्रत्येकी ३० मीटर. एक फेरी साधारण १७३ मीटरची. ताशी ८ किलोमीटर वेगाने एक फेरी सव्वा मिनिटापेक्षा थोडी जास्त, दोन फेऱ्या अडीच मिनिटांच्या वर. चढ-उतारासह सहा मिनिटांचं चक्र धरा. आठ-आठ मुलांचे तीन डबे, म्हणजे तासाला १० खेपा आणि २४० मुलं. लूपला जागा लागते ३६ गुणिले ६६ मीटर, बाजूची मोकळी पट्टी सोडून. एक एकर म्हणजे ४,०४७ चौरस मीटर, तेव्हा लूपच्या पोटात स्टेशन, झाडं आणि रांग सगळं मावतं. रांगेला माणशी अर्धा ते पाऊण चौरस मीटर सोडा आणि वरती छप्पर कराच.

रांगेतच थीम सुरू झाली पाहिजे. खिडकीतून मुलाला जाड पुठ्ठ्याचं जुन्या पद्धतीचं तिकीट मिळतं, एडमंडसन तिकीट म्हणतात ते, साधारण ५७ गुणिले ३१ मिलिमीटर. अंगठा आणि बोटांत बरोबर बसतं, वाकत नाही. फाटकाशी गार्ड पंच करतो तेव्हा "कट्" असा आवाज येतो आणि पुठ्ठ्याचा बारका तुकडा खाली पडतो. तो तुकडा उचलायला पोरं वाकतात. हा सगळा खर्च तिकिटामागे काही पैसे आणि एक पंच. पुढे तराजूवर वळकटी आणि ट्रंक वजन करायची, सिग्नलचा दांडा ओढायचा, हिरवं निशाण दाखवायचं. तीन प्रश्नांची उत्तरं फलक न वाचताच मिळाली.

बैलजोडी एफआरपीची करा. ४ मिलिमीटर जाडीला चौरस मीटरमागे सहा किलोच्या आसपास वजन येतं, त्यामुळे ती पुढच्या बोगीवर बसवता येते. स्टेशनची भिंत मात्र जीआरसीची, म्हणजे काचतंतू मिसळलेल्या सिमेंटची, परवडते. १२ मिलिमीटरला वजन २४ किलोच्या घरात जातं, म्हणजे फ्रेम जड लागेल, पण ती जळत नाही आणि मुलांनी लाथा मारल्या तरी पोचे पडत नाहीत.

स्वतःच्या थीमचा तोटाही सांगायलाच हवा. पहिल्या दिवशी ती कुणाला माहीत नसते. लायसन्सचं पात्र पोस्टरवर दिसलं की मूल बाबाचा हात ओढतं, डभोईच्या स्टेशनसाठी तसं होणार नाही. पहिल्या दोन हंगामांत प्रसिद्धीवर जास्त खर्च करावा लागेल, आणि शाळांच्या सहली हा त्यातला सर्वांत चांगला मार्ग आहे, कारण मुख्याध्यापकांना इतिहासाचं कारण मिळतं. दुसरी अडचण माणसांची. गार्ड पंच न करता नुसतं तिकीट फाडू लागला की थीम त्या दिवशी संपली. पंच, निशाण आणि शिट्टी या तीन गोष्टी रोजच्या उघडण्याच्या तपासणीत ब्रेक आणि कपलिंगच्या (डब्यांच्या जोडणीच्या) खालोखाल लिहा.

नावाची नोंदणीही विसरू नका. रेल्वे ही कल्पना कुणाची होत नाही, पण तुम्ही दिलेलं नाव आणि चिन्ह तुमचं होऊ शकतं. करमणुकीसाठी ट्रेडमार्कचा वर्ग ४१, खेळण्यांसाठी २८, कपड्यांसाठी २५, खानपानासाठी ४३. नोंदणी दहा वर्षांची असते आणि पुन्हा वाढवता येते. राजघराण्याची मुद्रा किंवा वाड्याची हुबेहूब प्रतिकृती वापरायचा मोह झाला तर आधी परवानगी विचारा.

मग घ्यायचं काय?

ज्यांची जमीन स्वतःची आहे आणि पार्क दहा वर्षं चालवायचं आहे त्यांनी झोन स्वतःच्या थीमवर बांधावा, असं आमचं स्पष्ट मत आहे. जागा मॉलमध्ये तीन-चार वर्षांच्या भाड्याने घेतली असेल तर उलट सल्ला: लायसन्स घ्या, कारण स्वतःचं नाव रुजायच्या आत भाडेकरार संपेल. प्रायोजकाचं नाव अख्ख्या झोनला देणं फक्त तेव्हा, जेव्हा तो ब्रँड टेपची परीक्षा पास होतो. गुजरातेत सायकली, पतंग, रंगखडू, वाद्यं बनवणारे पुष्कळ आहेत. त्यांच्यापैकी कुणी आलं तर बसून बोला. बँक किंवा सिमेंट आलं तर झोन देऊ नका.

पण त्यांना परतही पाठवू नका. प्रायोजकाला जागा द्यायला सोपी जाईल अशीच थीम निवडता येते, हे फार थोडे लोक लक्षात घेतात. बाजारात आणि स्टेशनवर पाट्या असतातच, त्यांच्याशिवाय ती जागा खोटी वाटते. जंगलात तीच पाटी डोळ्यांत खुपते. १९९९ मध्ये मेक्सिकोत सुरू झालेल्या आणि २०१३ मध्ये मुंबईत आलेल्या किडझेनिया या मुलांच्या पार्कने सगळा डोलारा यावरच उभा केला. तिथली थीम शहर आहे, आणि शहरात खऱ्या दुकानांच्या खऱ्या पाट्या असणारच. मूल गणवेश घालून काम करतं, पगार म्हणून खेळातलं चलन घेतं. पाटी झाकली तरी बेकरी ही बेकरीच राहते. डिस्नेलँडच्या २०१९ मधल्या गॅलक्सीज एज या स्टार वॉर्स चित्रपटांवरच्या विभागात तर कोका-कोलाने बाटली गोल चेंडूसारखी केली आणि लेबल त्या काल्पनिक जगाच्या लिपीत छापलं. एवढा मोठा ब्रँड थीमपुढे वाकतो, तर तुमच्या फलाटावरच्या चहावाल्या कंपनीला वाकायला सांगायला संकोच कशाला?

तेव्हा बँकेला तिकीटखिडकी द्या, चहाच्या कंपनीला फलाटावरची टपरी द्या, फरसाणवाल्याला सेव-उसळीचं दुकान द्या. जुन्या स्टेशनांवर असायच्या तशा एनॅमलच्या पाट्या बनवून घ्या, ६० गुणिले ४० सेंटिमीटर, जुन्या वळणाच्या अक्षरांत, गुजराती आणि मराठी दोन्ही. पुठ्ठ्याच्या तिकिटाची मागची बाजू वेगळी विका. झोनच्या नावाला मात्र हात लावू देऊ नका. पाटी भिंतीत ओतू नका, चार बोल्टवर बसवा, आणि भिंत पाटीच्या मागेही त्याच रंगाने रंगवून ठेवा. करार संपला की पाना घेऊन एक माणूस पंधरा मिनिटांत ती उतरवेल, चार भोकांत बुच बसवेल आणि अकराची गाडी वेळेवर सुटेल.